रविवारचे पोट दुखणे : शाळेतील छळ ओळखावा कसा, थांबवावा कसा

(रविवार, १० ऑगस्ट २०२५ रोजी पॉइंट कुक येथे झालेल्या व्याख्यानाचे ध्वनिमुद्रणावरून केलेले शब्दांकन)



गेल्या रविवारी सायंकाळी आपण बिरडे खाऊन रोजा सोडला आणि आज पुन्हा रविवारीच एकत्र जमलो आहोत. शब्बाथ नसल्यामुळे ध्वनिमुद्रणास हरकत नाही, असे सचिवसाहेबांनी मला आवर्जून सांगितले. तेव्हा माझ्या बोलण्यात जे काही चुकेल ते छापून येईल, याची मला पुरती जाणीव आहे.

विषय समितीने दिला आहे : विद्यार्थ्यांमधील छळ आणि त्याचा प्रतिबंध. मी मानसशास्त्रज्ञ नाही, शिक्षिकाही नाही. परिचर्येची पदविका घेतलेली एक निवृत्त परिचारिका आहे. मुंबईत वॉर्डांतून आयुष्य गेले आणि उतारवयात मुलाकडे येथे आले. रोगाचे निदान करणे हे डॉक्टरांचे काम. रोग्याच्या उशाशी बसून काय बदलते आहे ते पाहणे आणि लिहून ठेवणे हे आमचे. त्याच दृष्टीने मी आज बोलणार आहे. आणि आरंभीच कबूल करते की, जे पाहण्यात माझे आयुष्य गेले, ते मला माझ्याच घरात सहा आठवडे दिसले नाही.

माझा नातू यंदा सातवीत, म्हणजे येथील माध्यमिक शाळेच्या पहिल्या वर्गात गेला. फेब्रुवारीच्या मध्यापासून दर रविवारी सायंकाळी त्याचे पोट दुखू लागले. जेवणाच्या सुमारास सुरू होई आणि सोमवारी सकाळी वाढे. शुक्रवारी दुपारी घरी आला की नाहीसे होई. मी ओवा दिला, हिंग लावला, गरम पाण्याची पिशवी दिली. बाहेरचे खाणे बंद करा म्हणून सुनेला चार शब्दही सुनावले. डॉक्टरांनी तपासले, पोटात काही दोष नव्हता. रोग्याचे दुखणे वारावर चालत असेल तर त्या वाराला काय घडते ते विचारावे, हे मी प्रोबेशनर मुलींना शिकवीत असे. नातवाला मात्र विचारले नाही.

शेवटी ते कळले ते एका पाच सेंटच्या नाण्यावरून. त्याच्या गणवेशाच्या खिशात मला अशी सात-आठ नाणी सापडली. कोठून आली विचारता तो म्हणाला, ‘‘मुले माझ्यापुढे टाकतात.’’ मधल्या सुट्टीत तो चालू लागला की तीन-चार मुले त्याच्या पायांशी नाणे टाकीत आणि तो ते उचलतो का ते पाहत. पहिल्या दिवशी त्याने उचलले. कोणाचे तरी पडले असावे असे समजून परत द्यायला गेला, आणि सगळे मैदान हसले.

यहुदी माणूस पैशाचा लोभी असतो ही युरोपातील शेकडो वर्षांची निंदा आहे. कॉलफिल्डमधल्या एखाद्या पोलिश किंवा हंगेरियन आजीला त्या नाण्याचा अर्थ क्षणात कळला असता. आम्हांला कळला नाही, कारण आमच्या कोकणात तो कोणी आमच्यावर कधी फेकला नव्हता. आपल्या पूर्वजांना गावोगाव ‘शनवार तेली’ म्हणत. तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचा, म्हणून ते नाव. अलिबागच्या इस्राएल आळीत मी वाढले. शाळेत कोणी ‘तेलीण’ म्हणून चिडवले तर आई म्हणे, ‘‘खरेच आहे ते, तेल काही वाईट नसते.’’ भारतात आपल्याला राजरोस छळ सोसावा लागला नाही, याचा आपल्याला अभिमान आहे आणि तो रास्त आहे. परंतु त्याच सुदैवामुळे या देशात आपली मुले अशा प्रसंगांना अगदी नि:शस्त्र सामोरी जातात. त्यांच्यावर काय फेकले जात आहे ते त्यांना कळत नाही, आणि आपल्यालाही नाही.

पॉइंट कुकची स्थितीही लक्षात घ्यावी. साठ हजारांहून अधिक वस्तीचे हे उपनगर. येथे भारतीय घरे पुष्कळ. यहुदी घरे बोटांवर मोजण्याइतकी. मेलबर्नचा यहुदी समाज प्रामुख्याने कॉलफिल्ड, सेंट किल्डा, बालाक्लाव्हा या बाजूला, शहराच्या दुसऱ्या अंगास राहतो. यहुदी शाळाही तिकडेच. त्यामुळे आपले मूल वर्गात बहुधा एकटेच यहुदी असते. भारतीय मुले त्याला म्हणतात, ‘‘तू आमच्यासारखा दिसतोस, मग यहुदी कसा?’’ इतर म्हणतात, ‘‘यहुदी असशील तर भारतीय कसा?’’ डिसेंबर २०२४ मध्ये रिपनली येथील अदास इस्राएल सभास्थानाला आग लावण्यात आली. तेव्हापासून मोठ्या माणसांच्या मनात जी भीती आहे तीही मुले न बोलता वाचतात. घरची माणसे आधीच काळजीत आहेत, आपण आणखी भर कशाला घालावी, असे माझ्या नातवाने मला नंतर सांगितले. बारा वर्षांचे मूल आपल्याला सांभाळून घेत होते!

आता शब्दांविषयी थोडे. इंग्रजीत ज्याला ‘बुलिंग’ म्हणतात त्याला मराठीत नेमका एक शब्द नाही. मात्र त्याच्या पायऱ्या दाखवणारे शब्द आपल्याकडे आहेत. खोडी, थट्टा, चेष्टा, टवाळी, कुचेष्टा, छळ. चेष्टेत दोघेही हसतात. कुचेष्टेत एक हसतो आणि दुसरा हसल्यासारखे करतो. आज जो हसवतो तो उद्या स्वत:वर हसवून घेतो का, हे पाहिले की भेद लगेच कळतो. डॅन ओल्वेउस यांनी या विषयाचा शास्त्रीय अभ्यास प्रथम सुरू केला. १९८२ साली नॉर्वेमध्ये तीन शाळकरी मुलांनी छळाला कंटाळून जीव दिल्यानंतर, १९८३ मध्ये तेथे राष्ट्रव्यापी मोहीम निघाली. ओल्वेउस यांनी छळाच्या तीन खुणा सांगितल्या : तो जाणूनबुजून केलेला असतो, पुन:पुन्हा होतो, आणि दोन्ही बाजूंचे बळ सारखे नसते. हे बळ म्हणजे अंगातली ताकदच असे नाही. चार मित्र असणे हे बळ आहे, येथील इंग्रजी सफाईने बोलता येणे हेही बळ आहे. दोन तुल्यबळ मुलांचे भांडण हा छळ नव्हे, आणि प्रत्येक भांडणासाठी शाळेत धाव घेऊ नये, हेही मी आयांना सांगेन.

मुलींमध्ये, आणि हल्ली मुलांमध्येही, आणखी एक प्रकार आढळतो, त्याला मात्र आपल्याकडे अगदी चपखल शब्द आहे : वाळीत टाकणे. बाकावर शेजारी बसायचे नाही, वाढदिवसाला बोलवायचे नाही, मोबाइलवरच्या ग्रुपमधून काढून टाकायचे. त्यात शिवी नसते, मारही नसतो, म्हणून शिक्षकांना दाखवण्याजोगे काही उरत नाही. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली स्वतंत्र कायदा करावा लागला, आणि त्याआधी आमच्याच रायगड जिल्ह्यातून अशा तक्रारी एकामागून एक येत होत्या. मोठी माणसे ज्या जाचाने खचून कोर्टात गेली, तोच जाच दहा वर्षांची मुलगी वर्गात मुकाट्याने सोसत असते.

छळाची लक्षणे मी परिचारिका म्हणून सांगते. वारावर चालणारे पोटदुखणे किंवा डोकेदुखी, भरलेला परत येणारा डबा, वारंवार हरवणाऱ्या वस्तू, झोपेत दचकणे, बसने जाणारे मूल एकाएकी ‘मला गाडीनेच सोडा’ म्हणू लागणे. आणि एक गोष्ट आया सहसा ध्यानात घेत नाहीत : मूल घरात शिरताच दप्तर टाकून प्रथम शौचालयाकडे धावते का? शाळेचे प्रसाधनगृह ही अशी जागा आहे जेथे शिक्षक नसतात. छळ होणारी मुले तेथे जाणे टाळतात, दिवसभर लघवी रोखून धरतात आणि त्यासाठी पाणीही पीत नाहीत. मुलीला मूत्रमार्गाचा संसर्ग पुन:पुन्हा होत असेल तर औषध अवश्य द्या, पण शाळेत ती पाणी का पीत नाही तेही विचारा. यांतील प्रत्येक लक्षणाला दुसरी कारणे असू शकतात, म्हणून आधी डॉक्टरांना दाखवावे. मात्र डॉक्टरांनी ‘काही नाही’ म्हटले तर त्याचा अर्थ दुखणे खोटे आहे असा कृपा करून घेऊ नये. भीतीने आतडी खरोखरच आवळतात. मूल नाटक करीत नसते.

आपल्या गुरुजनांनी हे फार पूर्वी ओळखले होते. चारचौघांत दुसऱ्याला लाजवणे हे रक्त सांडण्यासारखे आहे, असे तल्मूदमध्ये सांगितले आहे. आणि पुरावा कोणता, तर अपमानित माणसाच्या चेहऱ्यावरची लाली जाते आणि तो पांढरा पडतो. लहानपणी हज्जानांच्या तोंडून हे ऐकले तेव्हा मला ती अतिशयोक्ती वाटली होती. पुढे वॉर्डात मी ते डोळ्यांनी पाहिले.

ती गोष्ट सांगणे मला जड जाते, पण आज सांगते. मी तिसऱ्या वर्षाला होते. मुंबईच्या एका रुग्णालयात, नाव घेत नाही, आमच्या वॉर्डात रत्नागिरीकडची एक नवी मुलगी प्रोबेशनर म्हणून आली. त्या वेळी काचेच्या सिरिंजा उकळून वापरीत. तिच्या हातून पूर्ण ट्रे खाली पडला. सिस्टरनी तिला तीस खाटांच्या मधोमध उभे केले आणि तिची भाषा, तिचे गाव, तिचे कपडे, सगळे काढले. आधी ती लाल झाली, मग कागदासारखी पांढरी. आम्ही चौघी सीनियर उभ्या होतो. एकीला हसू आले, तिच्या मागोमाग आम्हीही हसलो. पुढले दोन आठवडे आम्ही तिला ‘सिरिंज’ म्हणून हाक मारीत होतो. तिसऱ्या आठवड्यात ती आपली ट्रंक घेऊन गावी निघून गेली. तिचे खरे नाव मला आज आठवत नाही. ‘सिरिंज’ तेवढे आठवते.

२२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी यांनी आत्महत्या केली. जळगाव जिल्ह्यातील आदिवासी घरातली ती मुलगी. तीन सीनियर डॉक्टरांनी जातीवरून छळ केल्याचा आरोप झाला. तो खटला न्यायालयात आहे आणि त्यावर मी काही बोलणार नाही. तिच्या आईने पुढे सर्वोच्च न्यायालयात जाऊन शिक्षणसंस्थांतील जातिभेदाविरुद्ध दाद मागितली. महाराष्ट्रात रॅगिंगविरोधी कायदा १९९९ पासून आहे. कायदा होता, वसतिगृह होते, वरिष्ठ होते. ती बातमी वाचली तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ती ट्रंक आली.

आता येथील एका निकालाकडे वळते, कारण तो प्रत्येक पालकाने जाणून घ्यावा असा आहे. आपल्या या उपसागराच्या पलीकडच्या काठावर ब्रायटन सेकंडरी कॉलेज ही सरकारी शाळा आहे. तेथील पाच यहुदी माजी विद्यार्थ्यांनी फेडरल कोर्टात दावा दाखल केला. शाळेत वर्षानुवर्षे आपल्याला यहुदी म्हणून शिवीगाळ झाली, मारहाण झाली, नाझी चिन्हे बाकांवर आणि भिंतींवर काढली गेली, आणि शाळेने ते चालू दिले, असे त्यांचे म्हणणे होते. सप्टेंबर २०२३ मध्ये मुख्य न्यायाधीश डेब्रा मॉर्टिमर यांनी निकाल दिला. १९७५ च्या वंशभेदविरोधी कायद्याचा भंग झाला आहे असे ठरवून त्यांनी व्हिक्टोरिया राज्याला चार लाखांहून अधिक डॉलर भरपाई देण्याचा आणि माफी मागण्याचा आदेश दिला. या दाव्यात छळ करणारी मुले प्रतिवादी नव्हती. ज्यांना ठाऊक होते आणि ज्यांनी पुरेसे काही केले नाही, त्या मोठ्यांच्या वागणुकीचा न्याय झाला.

नाझी चिन्हाविषयी एक गोष्ट येथे सांगावीशी वाटते, कारण ती आपल्यासारख्या मराठी यहुद्यांनाच पडणारी अडचण आहे. आमच्या अलिबागच्या शेजारणी दाराशी रांगोळीत स्वस्तिक काढीत; दिवाळीला फराळाचे ताट त्याच उंबऱ्यावरून आमच्या घरी येई. ते मंगलचिन्ह आणि शाळेच्या बाकावर कोरलेले ते दुसरे चिन्ह, यांत बारा वर्षांच्या मुलाने फरक कसा करावा? व्हिक्टोरियाच्या कायद्याने तो नीट केला आहे. २९ डिसेंबर २०२२ पासून येथे नाझी चिन्हाच्या जाहीर प्रदर्शनाला बंदी आहे, आणि त्या कायद्यात त्याला ‘हाकेनक्रॉइत्स’, म्हणजे आकड्यांचा क्रूस, असे जर्मन नाव दिले आहे. हिंदू, बौद्ध आणि जैन यांच्या स्वस्तिकाला तो कायदा लागू नाही. हे दोन्ही आपल्या मुलांना आपणच समजावून द्यावे. शेजारच्या पाटीलकाकूंच्या दारावरचे चिन्ह पाहून आपले मूल घाबरता कामा नये, आणि बाकावरचे पाहून ‘नक्षी असेल’ म्हणून गप्प बसता कामा नये.

आता करावे काय? पहिले म्हणजे विचारण्याची रीत. ‘‘तुला कोणी त्रास देते का?’’ असे विचारले की मूल ‘नाही’ म्हणते. ‘‘आज मधल्या सुट्टीत कोणाजवळ बसलास?’’ असे विचारावे. सलग चार दिवस ‘ग्रंथालयात होतो’ असे उत्तर आले तर समजून घ्यावे. आणि विचारताना समोर बसू नये. गाडी चालवताना, मटार सोलताना, कपड्यांच्या घड्या घालताना मुले बोलतात. मूल बोलू लागले की मध्ये सल्ला देऊ नये. ‘दुर्लक्ष कर’ हा सल्ला मी स्वत: दिला आहे. मुलाला त्यातून एवढेच कळते की आजीला यापुढे काही सांगण्यात अर्थ नाही. ‘तूही दोन ठेवून दे’ हा आजोबांचा सल्ला. त्याने दोन्ही मुले मुख्याध्यापकांपुढे उभी राहतात आणि महिनाभराचा छळ एका ठोशाखाली झाकला जातो.

दुसरे, लिहून ठेवणे. आमच्या व्यवसायात म्हणत, जे नोंदले नाही ते झालेच नाही. एक साधी वही घ्यावी : तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द, कोण हजर होते, शाळेत कोणाला सांगितले, त्यांनी काय उत्तर दिले. आपला राग त्या वहीत लिहू नये, आपले तर्कही नाहीत. मोबाइलवरचा मजकूर असेल तर पुसण्याआधी त्याचा स्क्रीनशॉट घ्यावा. मग वर्गशिक्षकांना भेटावे. भेटीनंतर ‘आपले असे असे ठरले’ हे ईमेलने कळवावे. पुढची पायरी वर्षप्रमुख, मग मुख्याध्यापक, आणि तेथेही दाद न लागली तर शिक्षण खात्याचे विभागीय कार्यालय. शाळेची छळप्रतिबंधक नियमावली लेखी असते, ती मागून घ्यावी. आपण स्थलांतरित माणसे शिक्षकांपुढे फार नमून बोलतो, ‘सर म्हणतात ते बरोबरच असेल’ असे म्हणून परत येतो. नम्रता सोडू नये, पण वहीही सोडू नये.

तिसरे, मोबाइल. व्हिक्टोरियाच्या सरकारी शाळांत २०२० पासून शाळेच्या वेळात मोबाइल वापरण्यास बंदी आहे. १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना प्रमुख समाजमाध्यमांवर खाते ठेवता येणार नाही. याने थोडा फरक पडेल, पण ग्रुपवरचे संदेश चालूच राहतील असे मला वाटते. इंटरनेटवरील छळाचा मजकूर त्या कंपनीने तक्रारीनंतर ४८ तासांत काढला नाही, तर ई-सेफ्टी कमिशनरकडे तक्रार करता येते. मुलाचा मोबाइल मात्र शिक्षा म्हणून काढून घेऊ नये. छळ सोसणारी बरीच मुले घरी सांगत नाहीत, त्याचे एक कारण हेच असते की सांगितले तर मोबाइल जाईल.

मूल ‘मी नसतो तर बरे झाले असते’ अशा अर्थाचे काही बोलले, तर ते बोलणे कधीही हलके घेऊ नये. ‘‘जीव द्यावासा वाटतो का?’’ असे शांतपणे, सरळ विचारावे. विचारल्याने तो विचार मनात शिरत नाही. उलट मोकळे व्हायला वाट मिळते. तातडीचे असेल तर ०००, आणि एरवी मुलांसाठी किड्स हेल्पलाइन, १८०० ५५ १८००; चोवीस तास, विनामूल्य. हा क्रमांक मुलालाच द्यावा. आपल्याशी न बोलता ते दुसऱ्या कोणाशी बोलले तर त्यात आपला अपमान नाही.

माझ्या नातवाच्या शाळेने नाण्यांचा प्रकार दोन आठवड्यांत थांबवला. विद्यार्थिकल्याण पाहणाऱ्या एक शिक्षिका होत्या, त्यांनी वही लक्षपूर्वक वाचली. येथेच गोष्ट संपली असती तर मी आज हे भाषण करायला फारशी कचरले नसते.

मे महिन्यात एके दिवशी स्वयंपाकघरात आयपॅडवर मी बिरड्याची पाककृती शोधीत होते. मुलांचा ग्रुप उघडा राहिला होता. भारतातून नुकताच आलेला एक मुलगा वर्गात दाखल झाला होता आणि त्याच्या इंग्रजी उच्चारांची नक्कल करणारा एक ध्वनिसंदेश त्यात होता. खाली हसणारी तोंडे. आवाज माझ्या नातवाचा. त्याने ‘व्हेजिटेबल’ आणि ‘वेनस्डे’ हे शब्द जसे उच्चारले होते, अगदी तसेच मी उच्चारते. नक्कल त्याला इतकी हुबेहूब कशी साधली, हे मला निराळे विचारावे लागले नाही.

मी त्याला त्या वेळी काही बोलले नाही. रात्री मुलाने विचारले तेव्हा तो रडला. म्हणाला, ‘‘ते त्याच्यावर हसतात तेव्हा माझ्यावर हसत नाहीत.’’ अभ्यासक अशा मुलांचा स्वतंत्र गट मानतात, जी एकीकडे छळ सोसतात आणि दुसरीकडे करतात. आपल्या मुलाला कोणी छळले तर आपण शाळेचा उंबरठा झिजवतो. आपले मूल कोणाला छळते असे कोणी सांगितले तर आपला पहिला शब्द ‘अशक्य’ हा असतो. माझ्या मुलाचाही तोच होता.

आणि हे आपल्याला परके तरी कोठे आहे? आपल्या समाजात ‘गोरे’ आणि ‘काळे’ हा भेद होता, हे येथील तरुणांना कदाचित ठाऊक नसेल. ‘काळ्या’ म्हटल्या गेलेल्या घरांशी सोयरीक होत नसे, एका ताटात जेवण होत नसे. माझ्या आजीच्या पिढीत तो उघड होता, आईच्या पिढीत कुजबुजीत. पुढे इस्राएलमध्ये गेलेल्या आपल्याच लोकांच्या यहुदीपणावर विवाहाच्या वेळी शंका घेतली गेली. त्यांनी वर्षानुवर्षे झगडून १९६४ मध्ये क्नेसेटकडून आपला पूर्ण दर्जा जाहीर करवून घेतला. तो अन्याय आपण आजही संतापाने सांगतो. पहिला मात्र सांगत नाही.

बिरड्याच्या रोजाच्या सुमारास आपल्याकडे कामझा आणि बार कामझा यांची कथा सांगतात. यरुशलेमच्या एका धनिकाने मेजवानी दिली. नोकराच्या चुकीने मित्राऐवजी वैऱ्याला बोलावणे गेले. यजमानाने त्याला पाहिले आणि हाकलू लागला. तो म्हणाला, मी माझ्या जेवणाचे पैसे देतो, अर्ध्या मेजवानीचे देतो, सगळ्या मेजवानीचे देतो, पण मला लाजवू नका. यजमानाने हाताला धरून बाहेर काढले. पुढे त्याने बादशहाकडे चुगली केली आणि मंदिर गेले. लहानपणी मला वाटे, दोषी यजमान आहे, किंवा चुगलखोर आहे. आता मला दिसतात ते पंक्तीत बसलेले पंडित, जे जेवत राहिले. बार कामझाच्या मनाला लागले तेही तेच : हे पाहत होते आणि बोलले नाहीत, अर्थात यांना हे मान्य होते.

टोरांटोच्या शाळांच्या मैदानांवर चित्रीकरण करून केलेला एक अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला. छळाच्या दहापैकी जवळजवळ नऊ प्रसंगी इतर मुले भोवती हजर होती. पाचांपैकी एका प्रसंगीच कोणी मध्ये पडले. पण जेव्हा पडले, तेव्हा निम्म्याहून अधिक वेळा छळ दहा सेकंदांत थांबला. मी घड्याळ लावून पाहिले; नाडी मोजायला घेतो त्याहूनही तो कमी वेळ आहे. फिनलंडमध्ये तुर्कू विद्यापीठात तयार झालेला ‘कीवा’ नावाचा उपक्रम याच पायावर उभा आहे. त्यात छळणाऱ्या मुलाइतकेच लक्ष भोवतीच्या मुलांकडे दिले जाते, कारण ती हसली नाहीत तर खेळाला प्रेक्षक राहत नाही. आपल्या मुलाने शूरपणे भांडावे असे नाही. ‘‘चल, आपण तिकडे जाऊ,’’ असे म्हणून छळल्या जाणाऱ्या मुलाला बाजूला घेऊन जाणे पुरते. ग्रुपवर हसणारे तोंड न टाकणे, आणि नंतर त्या मुलाला एकट्याला दोन शब्द पाठवणे, हेही पुरते. अशी वाक्ये मुलांकडून घरी म्हणवून घ्यावीत. आम्ही प्रोबेशनर मुलींकडून पट्टी बांधण्याचा सराव घेत असू तशी. ऐनवेळी शब्द सुचत नाहीत.

माझा मुलगा नातवाला घेऊन त्या दुसऱ्या मुलाच्या घरी गेला. ते घर तेलुगू निघाले. नातवाने माफी मागितली. त्याच्या आईने चहा दिला. मुलगा बराच वेळ खोलीतून बाहेर आलाच नाही. आला तेव्हा म्हणाला, ‘‘तो संदेश काढून टाक.’’ नातवाने काढला आणि ग्रुपवर लिहिले की हे माझे चुकले. त्या दिवशी दोन मुलांनी त्याच्याशी बोलणे सोडले. त्यांतला एक अजून बोलत नाही. तो तेलुगू मुलगा आणि माझा नातू आज मित्र आहेत असे सांगायला मला आवडले असते. ते तसे नाहीत. एकमेकांना पाहून मान हलवतात.

सचिवसाहेब घड्याळ दाखवीत आहेत. चहा तयार आहे, आणि ज्यांना चारचौघांत विचारायचे नसेल त्यांनी मागच्या खोलीत यावे. तेथे ध्वनिमुद्रण नाही, आणि मी वहीही आणलेली नाही.

नातवाचे पोट आता क्वचितच दुखते. गेल्या रविवारी मात्र दुखले. तो रोजाचा दिवस. त्याने हट्टाने दुपारपर्यंत काही खाल्ले नव्हते, म्हणून कारण उघड होते असे मला वाटले. तरी मी ओव्याची बाटली खाली ठेवली आणि त्याच्याजवळ वाल सोलायला बसले. अर्धी वाटी सोलून झाल्यावर तो म्हणाला, ‘‘आजी, उद्या पी.ई.चा तास आहे.’’